थांबलं तर मिळतं का?

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला पगार नसतो, मानधन असतं. जेवढे तास घेतले तेवढे पैसे. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना कोरा. नेमणूक एका शैक्षणिक वर्षापुरती. पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. मी जव्हार आणि मोखाडा, दोन्हीकडे बीएच्या मुलांना असंच मानसशास्त्र शिकवते. सकाळचे तास जव्हारला, मग एसटीने मोखाडा.

सगळ्यांत रंगतो तो वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगाचा तास. 1960च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत त्यांनी लहान मुलांपुढे खाऊ ठेवला. आत्ता खाल्लास तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. जास्त वेळ थांबलेली मुलं पुढे अभ्यासात सरस दिसली. त्यावरून संयम हा यशाचा पाया, असा धडा जगभर गिरवला गेला.

"तुम्ही काय केलं असतं?" मी वर्गाला विचारलं.

"मॅडम, लगेच खाल्ला असता," मोखाड्यातला एक मुलगा म्हणाला. "तो माणूस परत येईल याची गॅरंटी काय?"

वर्ग हसला. तो हसला नाही. त्याचं अर्धं बालपण वीटभट्टीवर गेलेलं. इथली अनेक वारली, कोकणा, कातकरी कुटुंबं भातकापणी उरकली की दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडच्या भट्ट्यांवर जातात. जाण्याआधीच शेठकडून उचल घेतलेली असते. परतताना हिशेब होतो, आणि कित्येकांची उचल फिटलेलीच नसते. "हातात आलं ते आपलं, बाकीचं शेठच्या वहीत," तो म्हणाला.

याला उतावळेपणा म्हणणं सोपं आहे. पण 2013 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी 28 मुलांना आधी चांगले रंग आणि स्टिकर आणून देण्याचं कबूल केलं. अर्ध्या मुलांना ते दिले, अर्ध्यांना "सॉरी, संपले" म्हणून सांगितलं. मग खाऊ ठेवला. शब्द पाळला गेलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. फसवली गेलेली जेमतेम तीन. म्हणजे संयम फक्त मुलाच्या स्वभावात नसतो, समोरच्या माणसाच्या शब्दातही असतो.

1992-93मध्ये वावर-वांगणी भागातल्या बालमृत्यूंनी जव्हारचं नाव देशभर गेलं. तेव्हापासून इथे योजना आल्या, आश्वासनं आली. ती ऐकत वाढलेल्या मुलांना "धीर धरा" असं सांगण्याआधी, त्यांना दिलेले किती शब्द पाळले गेले, हे मोजायला हवं.

त्या मुलाला मी रॉचेस्टरचा प्रयोग सांगितला. तो आकडे वहीत उतरवून घेत होता. मग त्याने विचारलं, "मॅडम, पुढच्या वर्षी तुम्हीच याल ना?"

"नेमणूक झाली तर," मी म्हणाले. खरं उत्तर तेवढंच होतं. त्या वर्गाला दरवर्षी नवा चेहरा पाहायची सवय आहे, आणि कंत्राटी नेमणुकांची ही किंमत कुठल्याही वेतनपत्रकात दिसत नाही.

जूनचं वचन माझ्या हातात नाही, सोमवारचं आहे. सोमवारी तपासून देते म्हटलेल्या वह्या मी सोमवारीच देते.