हरवलेली पिशवी



येत्या १३ जूनला संत अंतोनीचा सण. किल्ल्या हरवल्या, चष्मा सापडेना, रेशनकार्ड कुठे ठेवले ते आठवेना, की आपण या संताचा धावा करतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही दरवर्षी विचारतो, "संत अंतोनी कुठला?" मुले एका सुरात सांगतात, "पादुआचा!" मग आम्ही जरा ऐटीतच सांगतो, "पादुआला त्याची कबर. जन्म मात्र ११९५ साली, लिस्बन शहरात."

त्या लिस्बनमध्ये गेल्या वर्षी आम्ही एक दिवस एकटेच फिरलो. ती हकीकत लिहायची म्हणून लिहायची, पण हात धजत नव्हता.

बेळगावहून आमचा गट फातिमामातेच्या यात्रेला गेला होता. फातिमा लिस्बनपासून सव्वाशे किलोमीटरवर. यात्रा आटोपून लिस्बनला परतलो, दुसऱ्या दिवशी परतीचे विमान. मधला सोमवार मोकळा होता. बाकीची मंडळी खरेदीला निघाली. आम्हाला मात्र बेलें गाठायचे होते. तेथील तेजू नदीच्या काठावरून जहाजे भारताकडे निघत. ७ एप्रिल १५४१ रोजी संत फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून निघाले आणि तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी गोव्याला पोहोचले. तो काठ पाहायचा, तेथील जेरोनिमोस मठात प्रार्थना करायची आणि संध्याकाळी संत अंतोनीच्या जन्मस्थानी बांधलेल्या चर्चमध्ये गुडघे टेकायचे, असा बेत होता.

१५ नंबरच्या ट्रामला ही गर्दी! उभ्याउभ्याच बेलेंला पोहोचलो, धक्काबुक्कीत उतरलो, मठाच्या दाराशी गेलो, तर दार बंद. सोमवारी मठ बंद असतो. निघण्यापूर्वी चौकशी करायला हवी होती, ती केली नव्हती. हरकत नाही, घोटभर पाणी पिऊ म्हणून खांद्याकडे हात नेला, तर खांद्यावर पिशवीच नाही. ट्राममध्ये पायाशी ठेवली होती, ती तिथेच राहिली. पिशवीत पाण्याची बाटली, जपमाळ, चिवड्याची पुडी आणि पासपोर्ट.

पुढचे तीन तास कसे गेले ते आमचे आम्हाला ठाऊक. गटप्रमुखांना फोन लावला, लागला नाही. एका खिडकीवर गेलो, त्यांनी दुसरीकडे पाठवले. तिथल्या बाईंनी पोर्तुगीजमध्ये बरेच काही सांगितले आणि कागदावर तिसरा पत्ता लिहून दिला. ऊन, चढउतार, गुळगुळीत दगडांचे रस्ते. घाईत एकदा पाय घसरून बसलोही. तोंडाने जपमाळ चालू होती, पण खरे सांगायचे तर मनात नुसता संताप होता.

तिसऱ्या खिडकीवर देव पावला. पिशवी तिथे आली होती! काचेपलीकडच्या फळीवर आम्हाला ती दिसतही होती. आम्ही हात जोडले. खिडकीतला माणूस शांतपणे मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ओळखपत्र दाखवा."

"ओळखपत्र त्या पिशवीतच आहे."

"ओळखपत्राशिवाय पिशवी देता येत नाही. नियम आहे. कागद घेऊन या."

तो उद्धट नव्हता, आवाजही चढला नव्हता. तरी ते वाक्य ऐकून आमच्या पोटात काहीतरी हलले. हे वाक्य आम्ही कुठेतरी ऐकले होते. तेव्हा मात्र आठवले नाही.

बाहेर पडून पाय नेतील तिकडे चालत मार्तीम मोनिझ नावाच्या चौकाजवळ आलो. तिथे आपल्याकडची पुष्कळ दुकाने. मोबाईलच्या एका दुकानात विशीतला एक नेपाळी मुलगा होता. त्याला मोडक्यातोडक्या हिंदीत सगळे सांगितले. तो म्हणाला, "अंकल, आधी बसा. पाणी प्या." मग शेजारच्याला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगून तो आमच्याबरोबर निघाला. वाटेत म्हणाला, "मी नवीन आलो तेव्हा कागदांसाठी असाच फिरलो होतो. भाषा येत नाही, म्हणजे अक्कलही नाही, असे लोकांना वाटते."

खिडकीवर तो पोर्तुगीजमध्ये काही वेळ बोलला. मग त्या माणसाने आमचे नाव आणि जन्मतारीख विचारली, पिशवी उघडून पासपोर्ट काढला, फोटो पाहिला, आमच्याकडे पाहिले आणि सही घेऊन पिशवी दिली. पाच मिनिटांचे काम. नियमही मोडला नाही.

मुलाला पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. चिवडा मात्र घेतला. संत अंतोनीच्या चर्चपाशी पोहोचलो तोवर तेही बंद झाले होते. आम्ही पायऱ्यांवर बसलो आणि तिथे ते वाक्य आठवले. ते आमचेच होते.

त्याच्या आदल्या वर्षी झारखंडचे एक जोडपे आमच्या पॅरिशच्या कचेरीत आले होते. बांधकामावर मजुरी करणारे, कडेवर सहा महिन्यांची मुलगी. दर रविवारी मिस्साला मागच्या बाकावर बसत. मुलीचा स्नानसंस्कार करायचा होता. आम्ही म्हणालो, "तुमच्या पॅरिशचे पत्र आणा." तो म्हणाला, "मास्टरजी, गाव लांब आहे. गेलो तर इथली मजुरी जाईल." आम्ही म्हणालो, "नियम आहे. कागद घेऊन या." ते तीनदा आले. आम्ही तिन्ही वेळा तेच सांगितले, अगदी शांतपणे. चौथ्यांदा ते आले नाहीत, आणि आम्हाला, देव क्षमा करो, हायसे वाटले.

बेळगावला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या बांधकामावर गेलो. इमारत रंगवूनही झाली होती. मजूर हुबळीकडे गेले एवढेच कळले, नंबर कुणाकडे नव्हता. मग फादरांसमोर सगळे कबूल केले. ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "मला एकदा तरी सांगायचे होते. त्यांच्या फादरांना मी फोन केला असता." पुन्हा पाच मिनिटांचेच काम.

इस्राएल लोकांना देवाने पुन्हापुन्हा बजावले होते की परक्यांना छळू नका, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. हे आम्ही वर्गात कितीदा शिकवले असेल! पण परके होणे म्हणजे काय, ते एका सोमवारी, एका खिडकीपुढे उभे राहिल्यावर कळले.

आता कचेरीत कुणी अपुरे कागद घेऊन आले की आम्ही आधी खुर्ची देतो, पाणी देतो आणि त्यांच्यासमोरच त्यांच्या गावच्या पॅरिशला फोन लावतो. यात आमचा मोठेपणा नाही. हे आधीच करायला हवे होते.

ती मुलगी आता अडीच वर्षांची असेल. दर मंगळवारी संत अंतोनीच्या नोवेनाला आम्ही तिच्यासाठी प्रार्थना करतो. हुबळी-धारवाडकडच्या वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर असे कुटुंब दिसले, तर कृपा करून त्यांच्याजवळ जा आणि विचारा. तेच असतील तर सांगा, बेळगावचे मास्टरजी तुम्हाला शोधत आहेत. तेच नसतील, तरीही विचारा.

ख्रिस्तात आपले.