पदर खोचायची मुभा

ऑगस्ट २०२४ मध्ये शिकागोच्या ज्यूल्स लेब्रॉनने मोबाइलसमोर बसून टिकटॉकवर एक छोटासा व्हिडिओ केला. कामावर जाताना मेकअप कसा बेताचा ठेवायचा, केस कसे बसवायचे, हे ती मोठ्या नखऱ्याने सांगत होती आणि मध्येमध्ये म्हणत होती, ‘व्हेरी डेम्युअर, व्हेरी माइंडफुल’. कसं सोज्वळ, कसं विचार करून! बघता बघता हे बोल जगभर झाले. नट्यांनी उचलले, कंपन्यांनी जाहिरातीत वापरले, आणि वर्ष संपताना डिक्शनरी डॉट कॉमने ‘डेम्युअर’ हाच वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला. टिकटॉक आपल्याकडे जून २०२० पासून बंद आहे. तरी इन्स्टाग्रामच्या वाटेने ते बोल आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पोचले. कॉलेजात जाणारी माझी पुतणी चहाचा कप बशीत ठेवताना तेच म्हणायची आणि हसत सुटायची.

ज्यूल्स ही ट्रान्स स्त्री. तोवर ती दुकानात कॅशियरचं काम करायची आणि सुट्टीच्या वेळात व्हिडिओ बनवायची. या बोलांनी तिला इतकं काम मिळवून दिलं, की आपल्या लिंगबदलाचा उरलेला खर्च आता भागेल, असं तिनंच आनंदाने सांगितलं. मला हे फार मोलाचं वाटतं. जिला बाई म्हणायलाच अनेकांची तयारी नाही, तिने ‘चांगल्या बाई’ची सगळी लक्षणं हातात घेतली, हवी तशी अंगावर घालून पाहिली, त्यातून मजा केली आणि त्यावर पोटही भरलं. कोणी तिला सांगितलं नव्हतं, की अशी वाग.

आमच्याकडे सांगणारे भरपूर. भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, अंगणात आला की पदर डोक्यावर. त्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही. हसायचं तर आवाज न करता. दिवेलागणीच्या आत घरात. नवी सून महिनाभरात हे सगळं शिकते, आणि जी शिकत नाही तिच्या माहेरचा उद्धार होतो. सगळ्याच घरांत हे इतकं कडक नाही, आता पुष्कळ सैल झालं आहे. पण सैल करायची दोरी अजून त्याच हातात आहे.

ती दोरी केव्हा सैल होते, हे पाहायचं असेल तर जुलैत आमच्या बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, यावं. पाऊस लागला आणि चिखल झाला, की रोवणी सुरू होते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, तीन-चार आठवड्यांचे झाले की थांबता येत नाही, वय झालेला पऱ्हा मग नीट फुटत नाही. त्यामुळे त्या दिवसांत गावातली जवळपास प्रत्येक बाई बांधीत असते. साडी गुडघ्याच्या वर खोचलेली, पदर कमरेला घट्ट आवळलेला, आणि साडीवर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा शर्ट. तो शर्ट मी पुष्कळदा जवळून पाहिला आहे. कॉलर विरलेली, वरची बटणं गेलेली, तिथे टाचणी लावलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या आणि त्यांच्या घड्यांत वाळलेला चिखल. ओळीने वाकलेल्या बाया, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताची तीन बोटं चिखलात जातात नि येतात, आणि पाय एकेक पाऊल मागे. दिवसभर पाठ आभाळाकडे. बांधावर शेताचा मालक उभा असतो, ट्रॅक्टरवाला असतो, कधी भासराही असतो. त्या वेळी कोणाला कोणाची पोटरी दिसत नाही. कोणी म्हणत नाही, की बाई, पदर सावर.

धानाचंच नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बाया पहाटेच्या काळोखात जंगलात जातात. मेमध्ये तेंदूपानाला जातात. नवेगाव-नागझिऱ्याचं हे रान, त्यात वाघ आहे, अस्वल आहे. दिवेलागणीनंतर अंगणाबाहेर पाऊल नको म्हणणारं घरच तिला पहाटे उठवून टोपलं हाती देतं. आणि ज्या बाईने बाहेर जाऊच नये असं घराला वाटतं, तिच्यासाठी विडी वळण्याचं काम आहे. उंबऱ्याच्या आत, मान खाली, सूप मांडीवर. गोंदियाच्या विड्यांचं नाव झालं ते अशाच मांड्यांवर. घराला तिचे हात हवे असतात तेव्हा लाज आडवी येत नाही. हातांचं काम संपलं की लाज परत येते.

गेल्या रोवणीला पुतणीने बांधीतला एक व्हिडिओ टाकला. तिची आई, मी, शेजारच्या दोघी, सगळ्या शर्ट घालून, खोचून, चिखलात. खाली तेच सोज्वळपणाचे बोल लिहिलेले. दुपारपर्यंत तो व्हिडिओ माझ्या भासऱ्यांच्या मोबाइलवर आला. संध्याकाळी ते ओट्यावर बसून म्हणाले, “हे कायले टाकलंस वो? आपल्या घरच्या बाया गावाले दाखवाच्या हायेत का?”

पुतणी म्हणाली, “मोठेबाबा, गाव तं रोजच पाह्यते त्यायले बांधीत.”

तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. बांधीत पाहिलेलं चालतं, कारण तिथे ती मजूर असते. मोबाइलवर तीच बाई, तोच शर्ट, तोच चिखल. पण तिथे ती स्वतः होऊन दिसते आहे, हसते आहे, आपल्या मर्जीने समोर आली आहे. टोचतं ते हे. मी तेव्हाच भासऱ्यांना पदर सावरूनच सांगितलं, की व्हिडिओ काढून टाकायचा नाही. त्यांनी वाद घातला नाही, उठून गेले. आमच्या घरात हेही पूर्वी झालं नसतं.

महाराष्ट्राने अलीकडे आणखी एक असा बोल डोक्यावर घेतला, ‘सबसे कातील, गौतमी पाटील’. हजारोंनी पुरुष या नर्तकीच्या कार्यक्रमांना लोटले, शिट्ट्या मारल्या, मोबाइल उंच धरले. तिच्या हावभावांवर टीका झाली, तिने जाहीर माफी मागितली. हावभावांबद्दल मतं वेगळी असू शकतात, मलाही ते सगळे आवडले असं नाही. पण २०२३ च्या सुरुवातीला ती कपडे बदलत असताना कोणीतरी चोरून चित्रण केलं आणि ते पसरवलं. राज्य महिला आयोगाला त्यात लक्ष घालावं लागलं. तिच्या नाचाबद्दल आमच्याकडच्या चहाच्या टपरीवर महिनोन्महिने चर्चा होती; ज्याने ते चित्रण केलं, ज्यांनी पुढे पाठवलं, त्यांच्या संस्कारांबद्दल मी तिथे अवाक्षर ऐकलं नाही.

हाच दुटप्पीपणा आमच्या नाटकांतही दिसतो. आमच्या अर्जुनीहून रेल्वेने थोडं पुढे गेलं की वडसा लागतं. झाडीपट्टी नाटकांचं हे माहेर. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे जत्रा, भरतात आणि रात्र रात्र नाटकं चालतात. पूर्वी दंडार या लोकनाट्यात पुरुषच लुगडं नेसून बाईची भूमिका करायचे. लाजणं, मुरडणं, पदराचं टोक दातात धरणं त्यांना असं जमायचं की बाया बघत राहायच्या. आता भूमिका बायाच करतात. रात्री त्यांना टाळ्या पडतात आणि सकाळी त्यांच्याच चारित्र्याचा विषय निघतो.

याच वडसा-देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मार्च १९७२ मध्ये एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. त्या खटल्याला देश तिच्याच नावाने ओळखतो. मी ते इथे लिहिणार नाही. सत्र न्यायालयाने तिला खोटारडी ठरवलं, तिचे आधीचे संबंध काढले आणि आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. ती ओरडली का नाही, तिने प्रतिकार का केला नाही, हा प्रश्न ठाण्याच्या आत, रात्री, वर्दीसमोर उभ्या असलेल्या मुलीला विचारला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आमच्या भागातल्या लेकरांना शाळेत हे कोणी सांगत नाही. सांगायला हवं. बाईची शालीनता तोलायचा काटा किती निर्दय होऊ शकतो, हे आमच्या शेजारच्या स्टेशनावर घडून गेलं आहे.

आणि त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, याच विदर्भातल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं होतं, की सगळे दोष बाईचेच कसे? जोतीराव फुले त्यांच्या पाठीशी उभे राहिले. बाकीच्यांनी इतकं झोडपलं, की त्यांचं दुसरं पुस्तक आलं नाही.

हे सगळं लिहिताना मला एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. सौम्य वागण्यावर माझा राग नाही. माझ्या सासूबाई हळू बोलायच्या, मजुरांच्या पानात भाजी पडल्याशिवाय स्वतः जेवायला बसायच्या नाहीत, आणि कोणाच्या घरचं दुःख चारचौघांत उघडं करायच्या नाहीत. ती शालीनता मला मनापासून हवी आहे. मला ती माझ्या मुलात हवी आहे, भासऱ्यांत हवी आहे, एसटीत बाईच्या खांद्याला खेटून उभ्या राहणाऱ्यात हवी आहे, आणि मंडईत मोबाइल उंच धरणाऱ्या प्रत्येक हातात हवी आहे. ज्यूल्सच्या बोलांतला दुसरा अर्धा भाग, विचार करून वागण्याचा, तो कोणी पुरुषांना उद्देशून म्हणताना मी ऐकलेलं नाही.

येत्या जुलैत पुतणी पुन्हा व्हिडिओ करणार आहे. या वेळी तिने आधी सगळ्या बायांना विचारायचं ठरवलं, आणि मीही तिच्याबरोबर घरोघर गेले. एक म्हणाली, माझा चेहरा नको, हात घे. तिचा चेहरा येणार नाही. दुसरी म्हणाली, मी शर्ट काढून, नवी साडी नेसून येते, मग घे. तीही तशीच येईल. शेजारच्या म्हाताऱ्या आजीने मात्र सुपातले तांदूळ निवडता निवडता मान वर केली आणि म्हणाली, “माहा जसा हाय तसा टाक. अन् दिवसभर वाकून रोजी किती भेटते, थेही लिवजो.”