अटींच्या कागदामागची गोष्ट

पुणे, ८ जून

चि. मैत्रेयीस,


कॅल्क्युलसला शेवटच्या सेमिस्टरमध्ये डी आला, हे कळलं. त्यावरून मी रागावणार नाही. ते काम तुझ्या आईचं आणि ती ते चोख करते. पण तू जे विचारलंस त्याचं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही. मार्चमध्ये प्रवेश दिला, आपण होकार कळवला, पैसे भरले, मग जूनच्या एका ग्रेडशी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसवाल्यांचा काय संबंध, आणि ती त्यांना आपण होऊन का सांगायची?

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा तुझे बाबा मला फोनवर म्हणाले होते, ‘गंगेत घोडं न्हालं.’ आम्ही दोघं ज्या पद्धतीत शिकलो तिथे ते खरंच असायचं. आधी बारावीचा निकाल, मग गुणपत्रिका हातात धरून खिडकीसमोरची रांग, मग बोर्डावर यादी. यादीत नाव लागलं की विषय मिटला, कारण तपासायला मागे काही उरलेलंच नसे.

तुमच्याकडे क्रम उलटा. तू अर्ज भरलास तेव्हा बारावीचं पहिलं सेमिस्टरसुद्धा पुरं झालं नव्हतं. त्यातही युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची तऱ्हा निराळी. ती अर्जाबरोबर शाळेचं ट्रान्सक्रिप्ट मागतच नाही. आपल्या ग्रेड आपणच भरायच्या आणि बारावीत काय काय शिकतोय त्याची यादी द्यायची. आपल्याकडे साक्षांकित प्रतीचीही साक्षांकित प्रत मागतात. तिथे सतरा वर्षांच्या पोराच्या शब्दावर मार्चअखेर निर्णय होतो. शाळेचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट त्यांच्यापर्यंत पोचायची मुदत १ जुलै. म्हणजे तू लिहिलेलं खरं होतं का आणि जे करीन म्हणालीस ते केलंस का, हे ते तेव्हा पहिल्यांदा पाहणार. तुझं प्रवेशाचं पत्र म्हणजे अर्धा व्यवहार होता. उरलेला अर्धा त्याच्या खालच्या अटींमध्ये आहे: बारावीत सीच्या खाली एकही ग्रेड नको, वर्षाची सरासरी अमुक हवी, यादीतले विषय पुरे केलेले हवेत, आणि यातलं काही बदललं तर लगेच कळवायचं. हा कागद मी तुझ्या आईकडून मागवून वाचला. तू वाचला नव्हतास असं मला वाटतं. फारसं कुणी वाचत नाही.

असं काही आपल्याकडे नाहीच असंही समजू नकोस. आयआयटीसाठी जेईईत कितीही वरचा क्रमांक आला, तरी सर्वसाधारण गटाला बारावीला ७५ टक्के तरी लागतात, नाहीतर आपल्या बोर्डातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं. क्लासवाल्यांच्या नादात कॉलेजकडे न फिरकलेल्या कितीतरी मुलांना ही अट उशिरा आठवते.

आता २०१७ची गोष्ट ऐक. तेव्हा तू प्राथमिक शाळेत असशील. प्रवेश देताना प्रत्येक कॅम्पस जागांपेक्षा कितीतरी जास्त पत्रं पाठवतो, कारण निम्म्याहून अधिक मुलं दुसरीकडे जाणार हे त्यांना ठाऊक असतं. किती जातील याचा मात्र अंदाजच बांधावा लागतो. त्या वर्षी अर्व्हाइन कॅम्पसचा अंदाज फसला आणि ठरवलेल्यापेक्षा सुमारे ८५० मुलं जास्त येणार असं दिसू लागलं. मग एरवी थोडं सैल धरले जाणारे नियम एकाएकी काटेकोर झाले. सत्र सुरू व्हायला जेमतेम दोन महिने असताना ४९९ मुलांचे प्रवेश रद्द झाले. त्यातली २९० मुलं ट्रान्सक्रिप्टच्या भानगडीत अडकली, कागद उशिरा पोचला किंवा पोचलाच नाही अशी. उरलेल्या २०९ जणांच्या बारावीच्या ग्रेड घसरल्या होत्या.

भरपूर ओरड झाली. या मुलांनी इतर कॉलेजांना केव्हाच नकार कळवला होता, त्यामुळे त्यांना परतीची वाट नव्हती. ऑगस्टच्या सुरुवातीला कुलगुरू हॉवर्ड गिलमन यांनी माफी मागून प्रवेश परत दिले. पण सगळ्यांना सरसकट नाही. कागदाच्या घोळात अडकलेली मुलं सुटली, ग्रेड घसरलेल्यांना मात्र अपील करून आपली बाजू एकेकट्याने मांडावी लागली. माझ्या मते अर्व्हाइनचं वागणं अप्पलपोटेपणाचं होतं, गर्दी त्यांनी जमवली आणि भुर्दंड मुलांना. पण तुझ्या कामाचं त्यातलं एवढंच, की अटी एरवी झोपलेल्या दिसतात आणि ज्या वर्षी वर्ग ओसंडतो त्या वर्षी जाग्या होतात. हे वर्ष कुठलं, ते तुला किंवा मला कळायला मार्ग नाही.

म्हणून ट्रान्सक्रिप्ट पोचण्याआधी डी कळवणारं तुझं पत्र पोचलं पाहिजे. हे मी तिथल्या कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवताना पाहिलेल्या मुलांवरून सांगतो. उन्हाळी वर्गात तुझ्यासारखी मुलं हमखास असायची, घसरलेला विषय सप्टेंबरच्या आत भरून काढायला आलेली. त्यातली जी आधीच कळवून आलेली असत, त्यांच्याकडे ऑफिसचं उत्तर असे: अमुक कोर्स घे, सी आण, ट्रान्सक्रिप्ट पाठव. जी गप्प बसून आलेली असत ती जुलैभर ईमेल उघडायला घाबरत.

पोर्टलवर बदल कळवायची सोय असते, तिथेच लिही. आठ-दहा ओळी पुरे. कोणत्या विषयात काय आलं, का आलं, आता काय करते आहेस. ‘का’मध्ये खरं तेच लिही. एप्रिलनंतर मन लागलं नाही हेच खरं असेल तर तेच. याला तिकडे सीनियरायटिस म्हणतात आणि प्रवेश कचेरीतल्या माणसांनी तो कितीदा पाहिलेला असतो. आजीचं आजारपण त्यात घालू नकोस. ती ठणठणीत आहे आणि तिला कळलं तर तुझं काही खरं नाही. बाबांना फोन करू देऊ नकोस, तिथली माणसं विद्यार्थ्याशी बोलतात, पालकांशी नाही. आणि डेव्हिसमध्ये प्राध्यापक असलेले ते तुमच्या गणपती मंडळातले काका, त्यांना मध्ये घालायचा विचार तुझ्या आईच्या मनात आलाच असेल. तो तिथेच राहू दे.

डेव्हिसचं फॉल क्वार्टर सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं, तेव्हा सहा आठवड्यांचा उन्हाळी कोर्स आरामात बसतो. नाव आजच नोंदव, पण हाच कोर्स चालेल का हे कचेरीला त्याच पत्रात विचार. एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेचा निकाल जुलैत येईल. तीन किंवा त्याहून जास्त गुण आले तर गणिताच्या अटीला त्याचा आधार होईल, पण त्याची वाट पाहत थांबू नकोस. डी मिळाल्याचं कळवायचंच आहे.

आणि सगळं करूनही त्यांनी नाही म्हटलं तर? तसं क्वचितच होतं, पण होतं. मग अपील, आणि तेही फसलं तर दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज. डेव्हिससह सहा कॅम्पस तिथून येणाऱ्यांना, ठरलेले विषय पुरे केले आणि ठरलेल्या ग्रेड मिळवल्या तर, तिसऱ्या वर्षाला प्रवेशाची लेखी हमी देतात. माझे कितीतरी विद्यार्थी त्या वाटेने गेले आणि पदवीवर ते कुठेही लिहिलेलं नसतं. हे बाबांना आत्ताच सांगून ठेव, म्हणजे ते निदान जेवतील.

राहिलं गणित. मला वाटतं तुझी अडचण कॅल्क्युलस नाही. बहुतेकांची नसते. मुलं इंटिग्रेशनची पहिली पायरी बरोबर मांडतात आणि तिसऱ्या ओळीत अपूर्णांक किंवा त्रिकोणमितीच्या एखाद्या साध्या सूत्रापाशी आपटतात. तिथे मार्क जातात आणि ‘मला कॅल्क्युलस येत नाही’ असा समज होतो. तुला बायॉलॉजी घ्यायचंय. त्यात पहिल्या वर्षी हेच पुन्हा समोर येणार, तेव्हा दुखणं कुठे आहे ते आत्ताच शोधलेलं बरं. शेवटच्या दोन परीक्षांचे पेपर असतील तर फोटो काढून पाठव, तुझ्या खाडाखोडीसकट. शनिवारी तुमच्या रात्री आठला फोन कर, इथे रविवारची सकाळ साडेआठ असते आणि माझा चहा झालेला असतो. पण पत्र त्याच्या आधी जाऊ दे. मसुदा दाखवायचा असेल तर आजच पाठव. मी शुद्धलेखन तपासीन, मजकुराला हात लावणार नाही.

तुझा,
मामा