बातमीचे माप

मी वर्तमानपत्रात लागलो तेव्हा बातमी फुटपट्टीने मोजत. किती कॉलम, किती सेंटीमीटर. तालुक्याच्या वार्ताहराचे मानधनही त्यावरच ठरे. आता कार्यालयाच्या भिंतीवर स्क्रीन आहे. कोणती बातमी किती जणांनी उघडली, किती सेकंद वाचली, याचे आकडे तिच्यावर सतत हलत असतात. सकाळच्या बैठकीत शाबासकी त्यावरच मिळते.

या मापाने माझी सर्वांत यशस्वी बातमी आमच्याच मोहल्ल्यातल्या एका मुलाच्या अटकेची. दिवसभर ती पहिल्या क्रमांकावर होती. तीन वर्षांनी तो निर्दोष सुटला. तीही बातमी मीच लिहिली. आतल्या पानावर, सहा ओळी. स्क्रीनवर ती दिसलीच नाही.

एका जुम्म्याला नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर त्याचे अब्बा भेटले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "बेटा, सोयरिकीला गेलो की लोक मोबाईलवर तुझी ती पहिली बातमी दाखवतात. सुटल्याची कुठं आहे?"

मला मालेगाव आठवले. 8 सप्टेंबर 2006 रोजी, शब-ए-बारातच्या दिवशी तिथे स्फोट झाले. नऊ मुस्लिमांना अटक झाली. एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. अटकेची बातमी वाचणाऱ्यांपैकी किती जणांपर्यंत ही दुसरी बातमी पोचली? ते सांगणारा आकडा कोणत्याच स्क्रीनवर नाही. टीआरपीच्या घोळानंतर वृत्तवाहिन्यांचे आकडे ऑक्टोबर 2020 पासून मार्च 2022 पर्यंत बंद होते. तेव्हा आकडे खरे की खोटे यावर पुष्कळ चर्चा झाली. ते नेमके काय मोजतात, हे कुणी फारसे विचारले नाही.

मग मी एक वही केली. अटकेच्या प्रत्येक बातमीपुढे तीन रकाने. शेवट काय झाला? तो पहिल्या बातमीइतक्याच ठळकपणे छापला का? वेबसाइटवरच्या जुन्या बातमीवर निकाल लिहिला का? वर्षअखेरीस रिकामे रकाने मोजायचे.

संपादक हसून म्हणाले, "याला जाहिरात मिळायची नाही." पण तिसरा रकाना त्यांनी मान्य केला. आता त्या मुलाची बातमी उघडली की सर्वांत वर 'निर्दोष मुक्तता' दिसते.

वहीत त्याच्या नावापुढे तिन्ही रकाने भरले आहेत. दुसऱ्यात मी 'नाही' असे लिहिले आहे. ते आता खोडता येत नाही.