राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे

कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन घेऊन बहुतेक पाहुणे रंकाळ्याकडे वळतात. पण कुस्तीतल्या ‘महाराष्ट्र केसरी’ किताबाचा इतिहास समजून घ्यायचा तर पावलं खासबाग मैदानाकडे वळायला हवीत. १९०२ च्या युरोप दौऱ्यात राजर्षी शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं, तसं मैदान आपल्या मल्लांसाठी उभारायचं मनावर घेतलं आणि १९१२ मध्ये ते खुलंही केलं. मधोमध हौदा, भोवती चढत गेलेली गोल बैठक. मागच्या रांगेतल्या शौकिनालाही पट निघालेला दिसतो. हौद्यातल्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवलेलं असतं. पैलवान पोसला राजानं, पण त्याची पारख हजारो डोळ्यांवर सोपवली. ‘महाराष्ट्र केसरी’चं मोल याच रिवाजातून आलं, असं माझं मत आहे.

त्याला आधार पैलवान खाशाबा जाधवांच्या वाटचालीत सापडतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, तेव्हा खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं. १९५२ ला हेलसिंकीसाठी वर्गणी गोळा झाली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवलं आणि खाशाबांनी कांस्यपदक आणलं. राजाची जागा लोकांनी घेतली होती. पुढच्याच वर्षी मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानं राज्य कुस्तीगीर परिषद उभी राहिली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर वर्षभरात, १९६१ मध्ये, औरंगाबादला दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. कोल्हापूरच्या दादू चौगुले यांनी १९७० आणि १९७१ असा लागोपाठ दोनदा हा मान मिळवला. स्पर्धा गावोगाव फिरते, म्हणून किताब साऱ्या राज्याचा वाटतो.

आक्षेप असा, की ऑलिंपिकची कुस्ती मॅटवर, म्हणजे गादीवर होते आणि आपण मातीला कवटाळून बसलोय. पण या किताबासाठी माती विभागाचा विजेता गादी विभागाच्या विजेत्याशी भिडतो, म्हणजे दोन्ही वाटा खुल्या आहेत. शिवाय खाशाबाही मातीतूनच घडले. दुसरा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो: किताबाची मानाची गदा भारी वजनाच्या मल्लांसाठीच आहे. ५७ किलोच्या खाशाबांना ती कधीच मिळाली नसती. यावर उपाय किताब मोडीत काढणं हा नव्हे. खालच्या वजनाच्या कुस्तीला तशीच गदा, तेवढंच इनाम आणि तितकंच भरलेलं मैदान द्यायला हवं. लोकाश्रयानं राजाश्रयाची जागा घेतली आहे, तर राजाची गुणग्राहकताही लोकांनी दाखवली पाहिजे.