'मराठा' नावाची बोट

'मराठा' नावाची एक टॉर्पेडो बोट होती, हे मला टीईच्या सेमिनारपर्यंत माहीत नव्हतं. विषय होता फीडबॅक कंट्रोल, उदाहरण घेतलं टॉर्पेडोचं. लायब्ररीत जुन्या जहाजांच्या एका यादीत सात नावं ओळीनं दिसली: बलुच, गुरखा, कारेन, पठाण, मराठा, शीख, राजपूत. पलटणीची हजेरीच जणू! या सातही बोटी हिंदुस्थान सरकारनं मुंबई बंदराच्या रक्षणासाठी मागवलेल्या. 1880 च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात थॉर्निक्रॉफ्ट आणि व्हाइट यांच्या कारखान्यांत बांधलेल्या.

रात्री मेसमध्ये हे सांगितलं, तर रूममेटचा पहिला प्रश्न, "मग 'मराठा'नं किती बुडवली?" रूममेट साताऱ्याचा, त्यामुळे अपेक्षा जरा जास्त. म्हटलं, "एकही नाही." त्यानं परत आमटीत लक्ष घातलं.

पण मला ती बोट काही सोडेना. मुळात टॉर्पेडो ही चीजच भन्नाट. रॉबर्ट व्हाइटहेड या इंग्रज इंजिनिअरनं 1866 साली फ्यूम बंदरात ती तयार केली. दाबलेल्या हवेवर चालणारी, पाण्याखालून जाणारी. अडचण एकच, ती ठरावीक खोलीवर राहीना. पाण्याच्या दाबावर चालणारी झडप खोली मोजायची आणि सुकाणू फिरवायची, पण नेहमी उशिरा. त्यामुळे टॉर्पेडो वर-खाली झोके घेत जायचा. 1868 साली व्हाइटहेडनं त्यात एक लंबक टाकला. नाक किती कललंय हे लंबकाला आधीच कळतं, आणि झोके थांबतात. कंट्रोल सिस्टिम्सच्या तासाला आपण 'डेरिव्हेटिव्ह' म्हणून जे पाठ करतो ते हेच, फक्त लोखंडाचं. त्या काळात याला नुसतं 'सीक्रेट' म्हणत. इंग्लंडनं 1871 मध्ये टॉर्पेडो बनवायचे हक्क घेतले, 15,000 पौंड मोजून.

मग हे अस्त्र न्यायला लहान, वेगवान बोट हवी. थॉर्निक्रॉफ्टची 'लाइटनिंग' 1876-77 ची, लांबी जेमतेम 87 फूट. हलका पत्रा, रेल्वे इंजिनाच्या जातीचा बॉयलर, आणि पंख्यानं हवा कोंबून पेटवलेली भट्टी. मुंबईच्या मे महिन्यात त्या भट्टीपुढे कोळसा ओढणाऱ्याचं काय होत असेल, याची कल्पना आपल्या वर्कशॉपच्या स्मिथी शॉपवरून थोडीफार येते. लहान बोटींनी मोठ्या जहाजाला घेरायचं, ही युक्ती कोकण किनाऱ्याला नवी नव्हती. कान्होजी आंग्र्यांच्या गलबतांनी इंग्रजांना तीच शिकवली होती. आता इंग्रजांनीच तशी बोट आणली आणि नाव ठेवलं 'मराठा'. गंमत पुढेच आहे. त्याच सुमारास हिंदुस्थानसाठी बांधलेल्या एका टॉर्पेडो गनबोटीचं नाव 'असई'. 1803 साली वेलस्लीनं शिंदे-भोसल्यांचा पराभव केला, ते असई. म्हणजे मराठे आणि त्यांचा पराभव, दोघांना नोकरी एकाच सरकारची! (आपल्या संगम पुलाचं जुनं नावही वेलस्ली ब्रिज, जाता जाता.)

शत्रू कोण? तर रशिया. 1885 साली अफगाण सरहद्दीवर पंजदेहला रशियनांनी अफगाण फौजेला हरवलं आणि लंडनपासून सिमल्यापर्यंत घबराट झाली. मुंबईवर रशियन आरमार चालून येईल, ही भीती. आरमार आलंच नाही. 1892 च्या सुमारास बोटी ब्रिटिश नौदलाकडे गेल्या, पुढे नावंही गेली. मिळाले 100 ते 106 हे नंबर. परीक्षेला बसल्यासारखे.

बाबा वीज सबस्टेशनमध्ये ऑपरेटर आहेत. दर तासाला लॉगशीटवर आकडे लिहायचे, नाइट शिफ्ट संपताना 'ऑल नॉर्मल' लिहून सही करायची. ते म्हणतात, "काही झालं नाही, म्हणजे काम झालं." म्हणून वाट बघण्यात गेलेलं आयुष्य फुकट, असं मी 'मराठा'बद्दलही म्हणणार नाही. मला खटकतं ते बिल. बाबांचा पगार ज्यांच्या पैशातून होतो, त्यांच्या घरात दिवा लागतो. 'मराठा'चा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतून, आणि भांडण इंग्लंड-रशियाचं.

हे मी आज शहाणपणानं बोलत नाहीये, तेव्हाही लोक बोलत होते. डिसेंबर 1885 मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन आपल्या पुण्यातच व्हायचं होतं, पटकीच्या साथीमुळे ते मुंबईला हलवलं. वाढता लष्करी खर्च अनावश्यक आणि देशाच्या उत्पन्नाला न झेपणारा आहे, असा ठराव तिथे झाला. सरकारनं उलट 1888 साली मिठावरचा कर मणामागे 2 रुपयांवरून अडीच रुपये केला. तो काही बोटींसाठीच नव्हता, पण तिजोरी एकच. 1897 मध्ये फर्ग्युसनचे प्रोफेसर गोपाळ कृष्ण गोखले, वय जेमतेम तीस, लंडनला वेल्बी कमिशनपुढे उभे राहिले आणि लष्करी खर्चाचा हिशेब मांडला. आपण व्हायवाला एका एक्स्टर्नलपुढे घाबरतो.

रूममेटनं परवा पुन्हा विचारलं, "त्या नावाचं नंतर काही झालं का?" झालं. ब्रिटिश नौदलानं दुसऱ्या महायुद्धात एका विनाशिकेला 'मराठा' नाव दिलं. फेब्रुवारी 1944 मध्ये ती उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात मालवाहू जहाजांच्या ताफ्याला सोबत करत होती. ताफा मदत घेऊन चालला होता रशियाला. 25 तारखेला जर्मन पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी ती बुडाली. दोनशेहून जास्त खलाशी गेले, वाचले ते वीससुद्धा नव्हते.