खार आधी, आंबट नंतर

खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतलं की फसफसून फेस येतो आणि बघणाऱ्याला वाटतं, आता मळ निघालाच. माझ्या बेकिंगच्या वर्गात दर तुकडीत कुणीतरी विचारतंच, "ताई, दोन्ही एकदमच टाकलं तर लवकर होईल ना?" नाही होत. सोडा खार आणि व्हिनेगर आम्ल, त्यामुळे दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा जोर मारतात. कार्बन डायऑक्साइड हवेत उडून जातो आणि खाली सोडियम ॲसिटेटचं पाणी उरतं. त्या पाण्यात ना सोड्याचा खार शिल्लक असतो, ना व्हिनेगरचा आंबटपणा. सुटा कण फेसासोबत वर येईल, पण चिकटलेला थर जागचा हलत नाही.

ओव्हनमधला मळ एका जातीचा नसतो, आणि तो ओळखल्याशिवाय घासायला घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. फळांचा पाक उतू जाऊन तळाला पडला असेल तर ती साखर आहे. तिचा पुरता कोळसा झालेला नसेल, तर कोमट पाण्यात भिजवलेला फडका त्यावर अर्धा तास ठेवला की ती विरघळते. लोण्यातेलाच्या शिंतोड्यांचं तसं नाही. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याचा वार्निशसारखा कडक थर बनतो, आधी पिवळा, मग तपकिरी, शेवटी काळा. लोखंडी तव्यावर आपण मुद्दाम तेल मुरवून जो थर चढवतो तो हाच. तिथे तो हवाच असतो, ओव्हनच्या काचेवर मात्र तो आतला रंग बघू देत नाही. आणि ज्याला केक कधी काढायचा हे रंगावरून ठरवायचं असतं, त्याला काच स्वच्छ लागतेच. तिसरा मळ म्हणजे निव्वळ कोळसा. तो स्वयंपाकघरातल्या कुठल्याच पदार्थात विरघळत नाही. भोवतीची पकड सैल करून खरवडूनच काढावा लागतो.

तेलावर इलाज खाराचा. आपल्या आज्या तेलकट भांडी चुलीतल्या राखेने घासायच्या, तेव्हा राखेतलं पोटॅशियम कार्बोनेट हेच काम करत होतं. पितळेला मात्र त्याच आज्या चिंच लावायच्या, राख आणि चिंच एकत्र कालवत नव्हत्या. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणीही असंच सोड्याचं आहे, आणि काच व साबण करायला लागणारं साहित्य त्या भागात मिळतं अशी नोंद थेट ऐन-इ-अकबरीत आहे. तेलाला खार मिळाला की साबण होतो. खाण्याचा सोडा तसा सौम्य खार, म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. ही सगळी सफाई जोरावर नाही, वेळेवर होते.

मी हे काम रात्री लावते. ऑर्डरी संपल्या आणि ओव्हन पूर्ण निवला की प्लग काढायचा, जाळ्या आणि तळाचा ट्रे बाहेर घ्यायचा. अर्धी वाटी सोड्यात तीन-चार मोठे चमचे पाणी घालून मेंदी भिजवतो तितपत घट्ट लेप करायचा आणि जुन्या ब्रशने आतून लावायचा. वरखालचे रॉड, पंखा, बाजूची छिद्रं यांना लेप लागता कामा नये. रॉडवरचं तेल पुढच्या वेळी आपोआप जळून जातं. लेप वाळला की काम थांबतं, कारण पाण्याशिवाय खार मळात शिरत नाही. म्हणून झोपण्याआधी त्यावर पाण्याचा हलका फवारा मारते आणि दार लावून घेते.

सकाळी लेपाचा रंग बघण्यासारखा असतो. जिथे नुसती धूळ होती तिथे तो पांढराच राहिलेला असतो, जिथे तूपतेल होतं तिथे चहासारखा तपकिरी झालेला. जुन्या एटीएम कार्डाने तो हलकेच ओढला की मळाची मऊ वळकटी पुढे सरकत येते. वळकटी न येता कार्ड खरखरलं, तर तिथे जोर लावायचा नाही. पुन्हा लेप, पुन्हा रात्रभर. तारेची घासणी आत फिरवली की पत्र्यावरचा मुलामा निघतो आणि त्या ओरखड्यांत पुढचा मळ आणखी घट्ट बसतो. काचेला मात्र पातळ पातं चालतं, काच ओली ठेवून आणि पातं आडवं धरून. काचेच्या खालच्या कडेला, पत्र्याच्या चौकटीच्या फटीत, ओघळ साचून मधासारखे घट्ट होतात. तिथे टूथब्रश आणि धीर, दुसरं काही चालत नाही.

आंबटाची पाळी आता येते. ओल्या फडक्याने लेप दोनतीनदा पुसला तरी कोपऱ्यांत सोड्याची पांढरी भुकटी राहतेच. समान भाग पाणी आणि व्हिनेगर घेऊन त्यात भिजवून पिळलेला फडका फिरवायचा. जिथे बारीक बुडबुडे उठतात तिथे सोडा उरलाय. बुडबुडे यायचे थांबले की सफाई झाली.

ॲल्युमिनियमच्या टिनांना आणि ट्रेना यातला सोडा अजिबात लावायचा नाही. खाराने ॲल्युमिनियम काळवंडतं. त्यांना पाण्यात लिंबाच्या साली उकळून तेच पाणी द्यावं, लख्ख होतात. बाजारातले तीव्र ओव्हन क्लीनरही मी याच कारणाने टाळते. त्यांतल्या अनेकांत कॉस्टिक सोडा असतो आणि बऱ्याच छोट्या ओव्हनच्या आतल्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. तसा पत्रा असेल तर वरचा सोड्याचा लेपही त्यावर लावू नये.

सगळं कोरडं झालं की ओव्हन रिकामाच १५० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं तापवते, खिडकी उघडी ठेवून. त्यानंतरची पहिली बॅच नानकटाईची नको. तूप वास पटकन धरतं आणि व्हिनेगरचा वास खाणाऱ्याला लगेच कळतो. पहिल्यांदा लसूण लावलेला पाव भाजावा, घरच्यांसाठी. ऑर्डरीचा माल त्यानंतर.